शिपायांची स्मारके व तरुणांचे कर्तव्य

रणांगणी पडलेल्या आपल्या गावच्या शिपायांचे स्मारक गावातच उभारावे, अशी इच्छा हल्ली ठिकठिकाणच्या तरुण मंडळांत दिसून येते, ही गोष्ट आम्हांस समाधानाची वाटते. वर्गणी जमविणे, जागा मिळविणे, पाथरवट गाठणे ही सर्व खटपट हे तरुण स्वतःच करितात. परंतु चौथरा किती उंच असावा व उद्घाटनास कोणास पाचारण करावे, याचा जितका खल होतो, तितका शिळेवर काय कोरावे याचा होत नाही. आमच्या मते स्मारकाचे सारे मर्म या एका प्रश्नातच आहे.

पहिल्या महायुद्धानंतर सरकारने आपल्याकडील कित्येक गावांत संगमरवरी पाट्या बसविल्या. या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या युद्धास गेले व त्यांपैकी इतके कामास आले, एवढाच त्यांवरील मजकूर. कोण गेले व कोण पडले, याचा तेथे पत्ता नाही. कुतच्या वेढ्यात व अन्यत्र मराठा पलटणी ज्या इराकात लढल्या, तेथील बसऱ्याच्या स्मारकावर तर गोऱ्या सोल्जरांची नावे कोरली गेली. हिंदी सैन्यापैकी मात्र अंमलदारांचीच नावे आली व साध्या शिपायाच्या वाट्यास पलटणीखालचा एक आकडा आला. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१ साली या विषमतेबद्दल जाहीर क्षमा मागितली. शंभर वर्षांनी का होईना, चूक पदरात घेतली गेली. पण ती आपण आपल्या गावात पुन्हा करावी काय?

नाव कोरण्याचे मोल केवढे आहे, हे कोरेगावच्या स्तंभावरून दिसते. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कोण कोणाच्या बाजूने लढले, याविषयी कोणी कितीही वाद घालो. त्या स्तंभावर पडलेल्या साध्या शिपायांची नावे आहेत, व त्यांत ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची, नावे बावीस आहेत. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा त्यांच्या पराक्रमाची साक्ष या दगडाने दिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले, यात नवल नाही. आकड्यास ही साक्ष देता आली नसती.

कोणी म्हणतील, १९४७ पूर्वीचे शिपाई परक्या सरकारसाठी लढले. त्यांचे स्मारक आपण का करावे? आमचे उत्तर असे की, सरकार परके होते, पण शिपाई गावचाच होता. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले. त्यांच्या नावाचे स्मारक तेथील माँटोने या गावी २०२३ साली झाले. परक्यांस जे सुचले, ते स्वकीयांस न सुचावे हे लाजिरवाणे होय. शिवाय घाडगे यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. ज्यांस पदक मिळाले नाही, त्यांची आठवण त्यांच्या गावाने ठेविली नाही तर कोणी ठेवावी?

म्हणून तरुणांस आमची सूचना अशी की, पाथरवटाकडे जाण्यापूर्वी नावांचा शोध करावा. आयोगाच्या नोंदींत पुष्कळदा बापाचे व गावाचे नाव सापडते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, शाळेचे जुने दाखले व घराघरांतील पेन्शनचे कागद यांचाही उपयोग होईल. वृद्ध स्त्रियांस अवश्य विचारावे. सरकारी दप्तरात नाही ते त्यांच्या स्मरणात असते. नंतर सर्व नावे एकाच आकाराच्या अक्षरांत, वर्णानुक्रमे कोरावी. त्यांत जातीचा क्रम नको, हुद्द्याचा नको, आणि एकही वाडा वगळलेला नको.

व्यापारी बंधूंसही दोन शब्द सांगणे अवश्य आहे. त्यांच्या उदारपणावाचून अशी कामे तडीस जात नाहीत, हे आम्ही जाणतो. परंतु देणगीदाराचे नाव ठसठशीत व मृताचे नाव बारीक, असा प्रकार आम्ही देवळांच्या पायऱ्यांपासून धर्मशाळांच्या भिंतींपर्यंत पुष्कळ पाहिला आहे. या एका दगडावर तरी तो नसावा. ज्याने प्राण दिला, त्याच्या शेजारी ज्याने पैसा दिला त्याने आपले नाव मागू नये. हिशेबाच्या वहीत त्याची नोंद राहील, तेवढी पुरे.