निकाहचे फोटो आणि पन्नासची लेन्स

घरात निकाह ठरला की हल्ली जेवणाच्या आधी फोटोग्राफर ठरतो. बाहेरून आणलेला फोटोग्राफर मर्दांच्या बाजूला फिरतो. बायकांकडचे फोटो मात्र घरातल्याच एखाद्या मुलीने काढावेत, अशी आमच्यासारख्या बऱ्याच घरांची रीत झाली आहे. पुढच्या महिन्यात पुतणीचा निकाह आहे आणि हे काम माझ्या भाचीकडे आलं आहे. तिच्याकडे क्रॉप सेन्सरचा साधा कॅमेरा, त्यासोबत आलेली 18-55 लेन्स आणि एका नव्या लेन्सपुरते पैसे आहेत. "मामू, 85 घेऊ या, मागचं सगळं कसं वितळून जातं बघा," असं तिचं म्हणणं. माझं मत 50 मिमी, एफ 1.8.

नवी लेन्स हवीच, यावर आमचं दोघांचं एकमत आहे. सोबतची लेन्स 55 वर नेली की तिचं छिद्र एफ 5.6 पेक्षा जास्त उघडत नाही. एफ 1.8 त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. एका ट्यूबलाइटच्या खोलीत हा फरक फार मोठा. नाहीतर मेंदीचे हात हलून पुसट येतात, किंवा समोरून फ्लॅश मारावा लागतो आणि मग जरीचा पार पत्रा होतो.

आता 85 का नको? क्रॉप सेन्सरवर 85 ने कमरेपर्यंतचा फोटो घ्यायचा तर सव्वातीन मीटर मागे जावं लागतं. पन्नासला दोन मीटर पुरतात. आमच्या घरांतल्या खोल्या दहा बाय बाराच्या. वकील दोन गवाह घेऊन नवरीची मंजुरी घ्यायला येतात, ते अशाच खोलीत. आधीच दहा-पंधरा बायका दाटीवाटीने बसलेल्या, दाराशी पोरं. मेहरची रक्कम सांगितली जाते, नवरी मान खाली घालून होकार देते, सही करते. माझ्या मते अख्ख्या लग्नातला सर्वांत मोलाचा फोटो हाच. निकाह तिच्या होकाराशिवाय होत नाही, आणि तरी अल्बमभर स्टेज आणि बिर्याणीच्या देगा असतात. तिथे मागे सरकायला भिंत आडवी येते.

हॉल मोठा असेल तर 85 चालेल, हे खरं. पण माझा दुसरा आक्षेप तिथेच आहे. लांबची लेन्स लावली की समोरच्या बाईला कळतही नाही की आपला चेहरा टिपला गेला. याला कौतुकाने 'कँडिड' म्हणतात. आमच्या घरात पडदा पाळणाऱ्या दोन खाला आहेत, तशाच पडदा न पाळणाऱ्या पण फोटो व्हॉट्सअॅपवर फिरलेला न चालणाऱ्या भाभीही आहेत. फोटो जायज की नाजायज या वादात मी पडत नाही. उलेमांची मतं वेगवेगळी आहेत. पण ज्या बाईचा चेहरा आहे तिला 'नको' म्हणायची संधी मिळायला हवी, यात वादाला जागा कुठे आहे? दोन मीटरवर उभ्या असलेल्या मुलीला खाला हाताने थांबवू शकते. सात मीटरवरून कोण कोणाला थांबवणार? भाचीला हे पटलेलं नाही. जवळ गेलं की सगळ्या ओढणी सावरून पुतळ्यासारख्या बसतात, असं ती म्हणते. बसू देत, थोड्या वेळाने कॅमेऱ्याची सवय होते.

थोडं तांत्रिक. एफ 1.8 वर दोन मीटर अंतरात पन्नासला साधारण अकरा सेंटीमीटरच स्पष्ट येतात. नवरी आणि तिची अम्मी शेजारी बसल्या असतील तर एफ 2.8 किंवा 4 करावं. नवरदेवाच्या चेहऱ्यावर सेहरा असेल तर ऑटोफोकस फुलांच्या लडींवरच अडकतो. तेव्हा फोकस हाताने डोळ्यांवर आणावा. स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे पट्टे येत असतील तर शटर 1/100 वर ठेवून बघावं. आपली वीज 50 हर्ट्झची असल्याने तिथे पट्टे बहुधा जातात.

पन्नासची लेन्स 85 पेक्षा बरीच स्वस्त आहे, उरलेल्या पैशांत जास्तीची बॅटरी येईल. तरीही भाचीचा हट्ट आहे. म्हणून तिला सांगितलं आहे, तुझ्याच 18-55 ला पन्नासच्या आसपास ठेव, झूम अजिबात हलवू नकोस, आणि येत्या जुम्म्याला नानीच्या घरी सगळ्या बायका जमतील तेव्हा त्या खोलीत तासभर फोटो काढून बघ. लेन्स त्यानंतर घेऊ.