आडवाटेचा धनी कोण?

पावसाची पहिली झड सह्याद्रीवर कोसळली की शहरांतील मोटारींची तोंडे घाटाकडे वळतात, यात नवे काही नाही. नवे आहे ते हे की, त्यांतील पुष्कळ मोटारींना आता डांबरी रस्ता पुरेनासा झाला आहे. चारही चाकांना इंजिनाचा जोर पुरविणारी गाडी पूर्वी लष्कराच्या किंवा वनखात्याच्या छावणीत, फार तर एखाद्या बड्या बागायतदाराच्या दारी दिसे. २०२० साली 'थार' नव्या रूपाने बाजारात आली आणि अशी गाडी मध्यमवर्गीय वसाहतींच्या आवारांतही दिसू लागली. सुट्टीच्या दिवशी मावळापासून साताऱ्यापर्यंतच्या पाणंदींवर, माळांवर आणि ओढ्यांच्या पात्रांत या गाड्यांचे ताफे उतरतात. या हौसेची किंमत कोण मोजतो आणि तिला मर्यादा कोणी घालावयाची, हा प्रश्न यापुढे लांबणीवर टाकता येणार नाही.

आम्ही या हौसेचे शत्रू नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. निसरड्या चढावर गाडी ताब्यात ठेवणे हे कसबाचे काम आहे. त्यात धीर लागतो आणि पुढे पायी चालून वाट दाखविणाऱ्या सोबत्यावर विश्वासही लागतो. २०१८ साली केरळात महापूर आला तेव्हा हौशी चालकांच्या मंडळांनी आपल्या जीपा मदतकार्यास लावल्या होत्या, हे विसरणे अन्यायाचे होईल. खिडक्या बंद करून महामार्गावरून धावणाऱ्या प्रवाशापेक्षा आडवाटेने जाणाऱ्यास आपला मुलूख अधिक कळतो, हेही आम्ही मान्य करतो. आमचा आक्षेप आहे तो एका समजुतीला. जेथे डांबर संपते तेथे मालकीही संपते, ही ती समजूत होय.

वस्तुतः महाराष्ट्रातील आडवाटेइतकी कष्टाने मिळविलेली वस्तू दुसरी क्वचितच असेल. १९७२ च्या दुष्काळात लाखो स्त्रीपुरुष सरकारी कामांवर खडी फोडीत होते. आपल्या खेड्यापाड्यांतील कित्येक कच्चे रस्ते त्या उपासमारीच्या काळात त्यांच्याच हातांनी झाले. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याचे मूळ याच अनुभवात आहे. आज त्याच वाटेवरून दुधाच्या किटल्या जातात, शाळेची पोरे जातात, बाळंतिणीला दवाखान्यात न्यावे लागते. पावसाने भिजलेल्या पाणंदीतून पावणेदोन टनांच्या दहा गाड्या एकामागून एक गेल्या म्हणजे गुडघाभर चाकोऱ्या पडतात. ताफा सायंकाळी शहरात परततो आणि दुसऱ्या दिवशी त्या चिखलात बैलगाडी रुतते. ज्याने चाकोरी पाडली त्याला ती पुन्हा दिसत नाही आणि ज्याला ती रोज ओलांडावी लागते त्याला कोणी विचारलेले नसते.

पठारांची गोष्ट याहून नाजूक आहे. कास पठाराचा माथा जांभ्याचा असून त्यावर मातीचा थर अतिशय पातळ आहे. या वीतभरही नसलेल्या मातीवरच गेंद, तेरडा, सीतेची आसवे यांचा तो विख्यात बहर उभा असतो. असा थर एकदा चाकाखाली फाटला म्हणजे त्या खाचेतून पावसाचे पाणी वेगाने वाहू लागते, आजूबाजूची माती ओढून नेते आणि खाली उघडा दगड उरतो. तो थर पुन्हा साचावयास माणसाचे आयुष्य पुरत नाही. २०१२ साली पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यांत कासचा समावेश आहे. परंतु त्याच जातीचे इतर अनेक माळ कोणत्याही यादीत नाहीत, आणि गाड्या जातात त्या नेमक्या अशाच निनावी माळांवर.

कोकणातील सड्यांवर तर धोका आणखी निराळा आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्याच्या कातळावर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली चित्रे आहेत. कशेळीच्या सड्यावरील प्रचंड हत्ती त्यांपैकीच एक. ही कातळशिल्पे २०२२ पासून जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. ती जमिनीशी समतल असल्यामुळे गाडीत बसलेल्यास दिसतही नाहीत. हजारो वर्षांचे ऊनपाऊस सोसलेल्या त्या रेषांवरून चाक फिरविणाऱ्याच्या मनात दुष्टावा असेलच असे नाही. तेथे काय आहे हे त्याला ठाऊक नसते, एवढेच. आणि ते त्याला सांगण्याची तजवीजही बहुतेक ठिकाणी नसते.

सरकारचे या बाबतीतले धोरण काय, असे विचारल्यास उत्तर देणे कठीण आहे. राखीव वनात विनापरवाना शिरणे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा ठरविले आहे. परंतु वनाच्या हद्दीबाहेरचे गायरान, माळ, पाणंद आणि ओढा यांच्याविषयी स्पष्ट व्यवस्था दिसत नाही. एरवी मौन आणि अपघात झाला की बंदी, हाच आपला शिरस्ता होऊन बसला आहे. २०२४ च्या जूनमध्ये लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एक कुटुंब वाहून गेले, त्यानंतर पुणे जिल्ह्यातील पर्यटनस्थळांवर मनाईहुकूम निघाले. असे हुकूम त्या घटकेपुरते आवश्यक असतीलही, परंतु हुकूम म्हणजे धोरण नव्हे. सरसकट बंदीने सज्जन चालक घरी बसतो आणि बेपर्वा चालक रात्रीचा जातो.

या बाबतीत अमेरिकेचा अनुभव पाहण्याजोगा आहे. हा छंद तेथे आपल्या कितीतरी आधी फोफावला. १९७२ साली अध्यक्ष निक्सन यांनी आदेश काढून, सरकारी जमिनींवर अशा वाहनांना कोणत्या वाटा मोकळ्या व कोणत्या बंद, हे ठरविण्याची जबाबदारी संबंधित खात्यांवर टाकली. १९७७ साली अध्यक्ष कार्टर यांनी त्याला जोड दिली की, जेथे जमिनीची वा वन्यजीवांची मोठी हानी होत असेल तेथे वाट तत्काळ बंद करावी. पुढे २००५ च्या नियमाने तेथील वनखात्याने नकाशावर दाखविलेल्या वाटांपुरतीच वाहनांना मुभा ठेवली. तेथले सारे वाद मिटले असे नाही. परंतु वाट मोकळी की बंद, हे चालकाला घरून निघण्यापूर्वी कळू शकते, हे थोडे नव्हे.

आपल्याकडे असे करण्याची साधने नाहीत, असे कोणी म्हणू नये. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी. या समित्यांना कागदावरून उठवून कामास लावावे. प्रत्येक तालुक्यात कोणत्या वाटा वाहनांस मोकळ्या, कोणत्या पावसाळ्यात बंद आणि कोणत्या कायमच्या बंद, याचा नकाशा ग्रामसभेच्या संमतीने तयार व्हावा. मोकळ्या वाटेवर ताफ्याकडून शुल्क घ्यावे आणि ते त्याच वाटेच्या दुरुस्तीसाठी गावाच्या हाती राहावे. गावाच्या हाती कारभार दिला तर काय होते, हे वेळासने दाखविले आहे. तेथे २००२ पासून कासवांच्या घरट्यांचे रक्षण होत आले आहे आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास येणाऱ्या पाहुण्यांमुळे गावातील घरांना मिळकत झाली आहे. राखणदारी आणि रोजी ही एकमेकींची वैरी नाहीत, हा त्यातला धडा.

चालकांच्या मंडळांनी सरकारची वाट न पाहता काही नियम स्वतःवर घालून घ्यावेत. भिजल्या माळावर उतरू नये, नवी वाट पाडू नये, ओढा पार करावयाचा तो गाव करते तेथेच, आणि गावात शिरण्यापूर्वी कोणाला तरी विचारावे. यांत अवघड असे काहीच नाही. परक्याच्या अंगणात पाऊल टाकण्यापूर्वी हाक मारण्याची रीत आपल्या घराघरांत शिकविली जाते. आडवाट हे कोणाचे तरी अंगणच आहे. गाडीत चढ चढण्याचे बळ आहे म्हणून चढण्याचा हक्क आपोआप मिळत नाही, एवढे ज्याला उमगले त्याच्यासाठी त्या वाटा खुशाल मोकळ्या असाव्यात.