किमतीलाही व्याकरण हवे

दुकानदाराने साबणाच्या ढिगात ‘१६०’ अशी पाटी खोचली, तरी आपण गोंधळत नाही. ती किंमत आहे, आणि रुपयांतच आहे, हे कोणी सांगावे लागत नाही. संगणकाचे तसे नाही. ऑनलाइन दुकानाच्या पानावर ‘४ वड्या, १२५ ग्रॅम, १६०’ असे असेल, तर त्याला हे नुसते तीन आकडे. अलीकडची यंत्रे अंदाज पुष्कळ बरा करतात, हे खरे. पण पैशाच्या व्यवहारात अंदाज काय कामाचा?

यावरचा उपाय व्याकरणाच्या तासाला शोभेल असा आहे. प्रत्येक माहिती तीन पदांच्या छोट्या वाक्यात लिहायची : ‘हा साबण – किंमत – १६०’, ‘ही किंमत – चलन – भारतीय रुपया’. शिवाय ‘किंमत’ या शब्दाला इंटरनेटवर एक ठरावीक पत्ता द्यायचा, म्हणजे सर्व दुकानांत त्याचा अर्थ एकच राहतो. वेब निर्माण करणारे टिम बर्नर्स-ली यांनी ही कल्पना मे २००१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये दोन सहकाऱ्यांसह मांडली. खरेदी-विक्रीसाठी असा शब्दसंग्रह जर्मनीतील मार्टिन हेप यांनी २००८ मध्ये तयार केला. त्याचे नाव ‘गुडरिलेशन्स’. पुढे २०११ मध्ये गूगल, बिंग व याहू यांनी एकत्र येऊन ‘स्कीमा डॉट ऑर्ग’ हा सामायिक संग्रह काढला आणि २०१२ मध्ये हेप यांचे काम त्यात सामावले गेले. आज असंख्य दुकानांच्या पानांत ही वाक्ये आपल्या डोळ्यांआड, यंत्रांसाठी लिहिलेली असतात.

दोन दुकानांतला साबण एकच, हे कसे ओळखायचे? वेष्टनावरच्या पट्ट्यांखालील १३ अंकी क्रमांकावरून. घरातल्या एखाद्या पुड्यावर पडताळून पाहा : डावीकडून विषम स्थानांवरील अंकांची बेरीज करा, तीत सम स्थानांवरील अंकांच्या बेरजेची तिप्पट मिळवा, उत्तराला १० ने नि:शेष भाग जातो. (क्रमांक ८९० ने सुरू झाला, म्हणजे वस्तू भारतातच बनली असे मात्र नव्हे, तो क्रमांक भारतातील संस्थेने दिला, एवढेच.)

इथवर सगळे ठीक. माझी तक्रार पुढेच आहे. दुकाने बहुधा तीच पदे भरतात, जी शोधयंत्राच्या निकालात झळकतात : किंमत आणि तारे. समजा, तांदळाची ९०० ग्रॅमची पिशवी १३५ रुपयांना आहे आणि १ किलोची १४५ ला. ‘कमी किंमत आधी’ असे म्हटले, की ९०० ग्रॅमवाली वर येते. हिशेब करा : तिचा किलोचा भाव १५० रुपये पडला! म्हणजे महाग तांदूळ स्वस्त म्हणून पुढे आला. दर किलोचा भाव नोंदवण्याची सोय स्कीमाच्या शब्दसंग्रहात आहे. तो प्रत्येक दुकानाने भरावा आणि यादीही त्यानुसार लावता यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हे अवघड नाही. एक भागाकार आहे.

ताऱ्यांचे काय सांगावे! स्वत:च स्वत:ला पाच तारे देणारे व्यावसायिक इतके झाले, की अशा स्वत:च्या पानावरच्या स्वस्तुतीचे तारे निकालात दाखवणे गूगलला २०१९ मध्ये थांबवावे लागले. वाक्याची रचना अचूक असली, म्हणून वाक्य खरे ठरत नाही.

आणि सुट्या मालाचे काय? शेतकरी गटाने विकायला ठेवलेल्या आंबेमोहोर तांदळावर किंवा शेंगदाण्यांवर १३ अंकी क्रमांक नसतो. एक जण ‘शेंगदाणे’ लिहितो, दुसरा ‘भुईमूग दाणे’, तिसरा इंग्रजी नाव. यंत्राला या तीन वस्तू वाटतात, आणि छोटा विक्रेता शोधात सापडतच नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘विकिडेटा’त प्रत्येक संकल्पनेला एक क्रमांक असतो व त्यापुढे निरनिराळ्या भाषांतील नावे जोडता येतात, अगदी कोणालाही. आपल्या गावच्या बाजारात धान्ये, कडधान्ये आणि भाज्या यांना जी नावे चालतात, त्यांची यादी करून त्यातली किती तेथे मराठीत आहेत, हे एखाद्या वर्गाने तपासून पाहावे. जी नसतील, ती भरायला शिक्षकांचा एक तास पुरेल.