माकडबेटावरची परतपावले

‘मंकी आयलंड’ या चाच्यांच्या संगणक-खेळाचा पहिला भाग १९९० चा. त्यात तलवारीचे द्वंद्व जिंकायचे ते जिभेच्या जोरावर. टोमण्याला चपखल प्रत्युत्तर सापडले की प्रतिस्पर्धी मागे हटलाच. (मला वाड्यातल्या नळावरची भांडणे आठवली.)

१९९१ चा दुसरा भाग मात्र कोड्यातच संपला. नायक गायब्रश अचानक मनोरंजन उद्यानातला लहान मुलगा झाला! कर्ता रॉन गिल्बर्ट पुढल्या वर्षी कंपनीतून बाहेर पडला. नंतरचे भाग इतरांनी रचले. २०२२ मध्ये तो परतला, तेव्हा नवी चित्रशैली न रुचलेल्या काही चाहत्यांनी त्याच्यावर वैयक्तिक चिखलफेक केली. आपल्या संकेतस्थळावर खेळाविषयी लिहिणेच त्याने थांबवले.

मी कादंबऱ्या लिहितो. जुनेच हवे, हा वाचकाचा हट्ट मला कळतो. पण तीस वर्षांनी परतणाऱ्याने जराही बदललेले नसावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. गिल्बर्टने तर त्या कोड्यापासूनच सुरुवात केली आहे. गायब्रश आता बाप झाला आहे, बाकावर बसून मुलाला जुनी हकिगत सांगतो आहे.

माझ्या नातवाने विचारले, “आजोबा, हा खरे सांगतोय की थापा मारतोय?”

“तू खेळ पुढे,” मी म्हटले.