सात किलो रवा

२०२०च्या जूनमध्ये मी सात किलो रवा कचऱ्याच्या गाडीत टाकला. कुणी पाहू नये म्हणून काळ्या पिशवीत घालून, वर भाज्यांची सालं पसरून. आमच्या घरात माणसं तीन, त्यांतल्या दोघांना उपमा आवडत नाही. तरीही मार्चच्या चोवीस तारखेला रात्री आठचं पंतप्रधानांचं टाळेबंदीचं भाषण पुरतं संपायच्या आत मी पायांत चपला सरकवून दुकानाकडे पळाले होते. दुकानदार घसा फोडून सांगत होता, "ताई, एका घराला दोनच पाकिटं!" म्हणून मी नवऱ्याला चार माणसं सोडून मागे उभं केलं आणि त्याच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं. पुढे तीन दिवस आम्ही हा खेळ खेळलो. आता कुणी विचारेल, रवाच का? तर माझ्या पुढची बाई रवा घेत होती म्हणून.

त्याच आठवड्यात भारतीय अन्न महामंडळाच्या साठ्यात साडेपाच कोटी टनांहून जास्त गहू-तांदूळ होता. रब्बीचा गहू शेतांत कापणीला आला होता. धान्य होतं, अडलं होतं ते ट्रक, हमाल आणि रस्त्यावरच्या पोलिसापाशी. काही दिवसांची अडचण. आम्ही तिच्यावर उतारा काढला तो वर्षभराच्या रव्याचा. त्याला जाळी धरली, अळ्या झाल्या आणि मग ती काळी पिशवी.

आणि या सगळ्याला आम्ही 'बेगमी' म्हणत होतो! हा शब्द तोंडात घेतल्याबद्दल आईनं मला लाटण्यानं बडवायला हवं होतं.

बेगमी मी पाहिलेली आहे. मिरजेच्या घरात मार्च-एप्रिल म्हणजे पाय ठेवायला जागा नसे. गव्हाची दोन पोती, शाळूचं एक, शिवाय तूर, हरभरा, गुळाच्या ढेपा. वडिलांना कचेरीतून धान्यासाठी उचल मिळायची आणि ती पुढे महिनोन्‌महिने पगारातून कापली जायची. गहू उन्हात कडकडीत तापवून, निवडून, कडुलिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठीत. डाळीला एरंडेलाचा हात, तांदळाला बोरिक पावडर. चिंच फोडायची, चिंचोके काढायचे, मीठ लावून गोळे करायचे. कुरडयांचा चीक ढवळताना आईचे दंड भरून यायचे, आणि गच्चीवर पापडांची राखण करायला आम्ही पोरं काठ्या घेऊन. गोव्यात या बेगमीला पुरुमेंत म्हणतात. मडगावला मे महिन्यात त्याचं फेस्तच भरतं. सुकी मासळी, सोलां, मिरच्या, मीठ, व्हिनेगर, सगळं पावसाच्या आत घरात.

ही सारी वर्णनं लिहून डोळे पुसायची आपल्याकडे एक रीत आहे. मला ती पाळायची नाही. त्या बेगमीत बायकांची हाडं झिजली, आणि ज्याला उचल मिळत नव्हती त्याच्या घरात कोठीही नव्हती. पण एक व्यवहार आईला कळत होता, तो अर्थशास्त्राची पदवी घेतलेल्या तिच्या लेकीला कळला नाही. आई खरेदी करायची ती सुगीत. बाजारात माल ओसंडत असताना, भाव उतरलेले असताना, शेतकऱ्याला गिऱ्हाईक हवं असताना. श्रावण-भाद्रपदात भाव चढले की ती बाजारात फिरकतच नसे. म्हणजे पडत्या भावाला तिचा टेकू आणि चढत्या भावातून तिची माघार. आम्ही बरोब्बर उलटं करतो. माल पडून असतो तेव्हा "घरात कशाला अडगळ, मोबाइलवर मागवलं की दहा मिनिटांत येतं". तुटवड्याची कुणकुण लागली की आमच्या पिशव्या सगळ्यांच्या पुढे. तहान लागल्यावर विहीर खणणारा निदान खणतो तरी. आम्ही दुसऱ्याच्या घागरी उचलतो.

तुरीचं उदाहरण घ्या. २०१५च्या ऑक्टोबरात तूरडाळ दोनशे रुपये किलो झाली. दुष्काळ होता, पीक बुडालं होतं, हे खरं. साठेबाजांवर देशभर छापे पडले आणि सर्वांत जास्त साठा आपल्या महाराष्ट्रातच सापडला, हेही खरं. आमच्या इमारतीच्या जिन्यात तेव्हा रोज महागाईवर चर्चा चाले. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी व्यापाऱ्यांना भर चौकात फटके मारण्याची शिक्षा सुनावली आणि त्याच संध्याकाळी आठ किलो डाळ वर नेली. "आणखी वाढणार म्हणतात," असं त्या कुजबुजल्या. व्यापारीही हेच म्हणतो. त्याच्या वाक्यात आणि वहिनींच्या वाक्यात फरक फक्त पोत्यांचा.

दोन वर्षांनी काय झालं? भाव पाहून शेतकऱ्यानं तूर पेरली, पाऊस बरा झाला, आणि २०१७ साली तुरीचे ढीग लागले. हमीभाव बोनससह क्विंटलला ५,०५० रुपये. बाजारात कित्येक ठिकाणी चार हजारांच्या आसपासही कुणी पुसेना. सरकारी खरेदी केंद्रांवर बारदाना संपला. पोती नाहीत म्हणून तूर घ्यायची नाही! मराठवाड्यात, विदर्भात ट्रॅक्टरांच्या रांगा, त्यात ढिगावरच झोपलेली माणसं, आणि एप्रिलच्या बावीस तारखेला खरेदीच थांबवली. किरकोळ बाजारात डाळ निम्म्याहून खाली आली होती. हीच खरी बेगमीची वेळ होती. तेव्हा आमच्या जिन्यातून कुणी एक किलो तरी जास्त नेली का? छे. वहिनी म्हणाल्या, "स्वस्तच आहे की, लागेल तशी आणू."

मिठाची तर लाजच वाटते. २०१६च्या नोव्हेंबरात, नोटा बंद झाल्या त्याच आठवड्यात, मीठ संपल्याची आवई उठली आणि उत्तरेत दोनशे रुपये किलोनं मीठ विकल्याच्या बातम्या आल्या. लोण मुंबईपर्यंत पोचलं. ज्या देशाला हजारो किलोमीटरचा किनारा आहे, जो मीठ परदेशी विकतो, त्या देशात लोक मिठासाठी धक्काबुक्की करत होते, आणि तीही हातात सुट्टे पैसे नसताना.

अडाण्यांचं काम, असं म्हणायची सोय नाही. २०२३च्या जुलैत भारतानं बासमती सोडून पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत उच्चशिक्षितांनी सोना मसुरीच्या थैल्यांसाठी रांगा लावल्या. गाडीच्या डिकीत दहा-दहा थैल्या. 'एका कुटुंबाला एकच' अशा पाट्या लागल्या. शेजारच्या दुकानात कॅलिफोर्नियाचा, थायलंडचा तांदूळ मुबलक होता; बासमतीवर तर बंदीच नव्हती. माझ्या मावसभावानं तिथून फोटो पाठवला होता, गॅरेजमध्ये रचलेल्या थैल्यांसमोर उभा राहून, वाघ मारल्यासारखा. वर्ष-सव्वा वर्षानं बंदी उठली. थैल्यांचं काय झालं, ते त्यानं कळवलं नाही. माझ्याही काळ्या पिशवीची गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही.

या सगळ्या धावपळीत जिचं नाव कुणी घेत नाही ती आमच्याकडे कामाला येणारी मावशी. ती डाळ घेते पावशेर, तेल घेते वीस रुपयांचं, चहाची पुडी पाचाची. रोज संध्याकाळी, त्या दिवसाच्या पैशातून. २०२०च्या मार्चात आमच्या स्वारीनंतर दुकानात उरली होती ती महागडी, चकचकीत, एक किलोची बंद पाकिटं. सुटी डाळ संपली होती. ती कुठे गेली ते मला ठाऊक आहे, कारण त्यातली चार किलो माझ्या माळ्यावर होती. "पावशेर नाही म्हनला ओ," एवढंच ती फोनवर बोलली. तिला 'तू पण थोडं भरून ठेवायचं होतंस' असं मी सांगितलं. हो, सांगितलं. ते वाक्य आजही माझ्या घशात अडकतं.

आणि शेतकऱ्यानं काही ठेवलं की तो लगेच साठेबाज. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि चाळीत घालून दिवाळीपर्यंत पुरवायचा असतो. तो ठेवलाच नाही तर सप्टेंबरात तुम्ही खाणार काय? चाळीत वजन घटतं, कांदा सडतो, कोंब फुटतात, तो तोटा त्याचा. चार पैसे मिळायची वेळ आली की शहरातून ओरड होते आणि दिल्लीला जाग येते. २०१९च्या सप्टेंबरात तेच झालं. निर्यात बंद, शिवाय घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल आणि किरकोळीला १०० क्विंटलची मर्यादा. व्यापाऱ्यानं हात आखडला की लासलगावच्या कांदाबाजारात भाव कोणाचा पडतो? २०२३च्या डिसेंबरात पुन्हा निर्यातबंदी. माझ्या माळ्यावरच्या डाळीला मात्र १९५५चा जीवनावश्यक वस्तूंचा कायदा कधी आडवा आला नाही.

मोठ्या साठेबाजाला मी सोडून देते आहे असं समजू नका. तो आहेच, गब्बर आहे, आणि त्याचं काय करायचं ते सरकारला ठाऊक आहे, तसंच सरकारचं काय करायचं ते त्यालाही. पण त्याचा धंदा चालतो तो आमच्या घाबरटपणावर. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, दुष्काळ आणि महागाई एकत्र आली तेव्हा, मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर मुंबईच्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. धान्य, तेल, रॉकेल रास्त भावात सगळ्यांना मिळालं पाहिजे, यासाठी. 'सगळ्यांना' हा शब्द त्यात होता. आमच्या हातात लाटणं नाही, ट्रॉली आहे. तिच्यात एका घरापुरतंच मावतं.

हे एवढं लिहून झालं आणि फोन वाजला. इमारतीच्या गटावर तिसऱ्या मजल्यावरून निरोप: 'तेल वाढतंय, भरून ठेवा.' खाली एकवीस अंगठे. मी दात-ओठ खात कडक उत्तर लिहायला घेतलं, तेवढ्यात बाविसावा अंगठा उमटला. तो आमच्याच घरातून गेला होता, आतल्या खोलीतून. पाठोपाठ दाराची घंटा. पाच लिटरचे दोन डबे.