दहाच्या आकड्याचे फर्मान

वरोऱ्यात आजी पडली, खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर हिमोग्लोबिन ९ निघाले आणि फर्मान सुटले: दोन पिशव्या रक्त आणा. मामा भर उन्हात चंद्रपूरला धावला. आजीला ना धाप, ना छातीत दुखणे. मग घाई कशाची?

मित्रहो, या घाईला इतिहास आहे. १९४२ मध्ये मेयो क्लिनिकच्या अ‍ॅडम्स आणि लंडी यांनी शस्त्रक्रियेपूर्वी हिमोग्लोबिन १० च्या खाली नसावे, असे सुचवले. तो अनुभवी माणसांचा सल्ला होता, चाचणीतून सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हे. पुढच्या पिढ्यांनी त्याचा धर्मग्रंथ केला.

२०११ ची ‘फोकस’ चाचणी पाहा. खुबा मोडलेले, हृदयरोग असलेले वा त्याचा धोका असलेले २,०१६ रुग्ण. एका गटात मर्यादा १०; दुसऱ्यात लक्षणे दिसली किंवा पातळी ८ च्या खाली गेली तरच रक्त. पिशव्या लागल्या अनुक्रमे १,८६६ आणि ६५२. साठ दिवसांनंतर मृत्यू किंवा माणसाच्या आधाराविना खोलीभर चालता न येणे: ३५.२ आणि ३४.७ टक्के. तिप्पट रक्त ओतून हाती काय आले?

हृदयविकाराचा झटका किंवा वाहता रक्तस्राव यांची गोष्ट वेगळी, हे मान्य. पण ‘वय झाले आहे, देऊन टाका’ हे वैद्यकीय कारण नव्हे. त्यातून हा चंद्रपूर-गडचिरोलीचा पट्टा. इथल्या सिकलसेलग्रस्त मुलांनाही हीच पिशवी लागते.

पुढील धाग्यात: १९५२, डॉ. वाय. एम. भेंडे आणि ‘बॉम्बे’ रक्तगट.