गिधाडांच्या पंगतीला काय वाढणार?

बँकेच्या कर्जातून घेतलेली म्हैस मेली की आम्हाला दोन गोष्टी लागत. एक, ढोरांच्या डॉक्टरचा दाखला. दुसरी, म्हशीच्या कानातला बिल्ला. बिल्ला नाही तर विम्याचा दावा नाही, असा सरळ हिशेब होता. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाच्या त्या दिवसांत असे बिल्ले माझ्या टेबलाच्या खणात नेहमी दोन-चार तरी पडलेले असत, आणि खण उघडला की वास येई.

१९८६ च्या मे महिन्यात दर्यापूरकडच्या एका खेड्यातून निरोप आला की अमुकाची म्हैस गेली. मी फटफटीवरून पोचेपर्यंत दुपार झाली होती. घरच्यांनी सकाळीच ती गावाबाहेर नेऊन टाकली होती, आणि आम्ही तिथे गेलो तेव्हा म्हैस अशी उरलीच नव्हती. फासळ्यांचा पिंजरा तेवढा उभा होता आणि भोवती तीस-चाळीस गिधाडे, पोट इतके भरलेले की आमच्या पायरवाने उडावे तर उडता येईना. लग्नातल्या जेवणावळीनंतर लोडाला टेकून बसलेल्या व्याह्यांसारखी ती नुसती सरकून बसली. कान जागेवर नव्हते. भर उन्हात आम्ही तासभर बिल्ला शोधत होतो. शेवटी तो एका बाभळीखाली सापडला. मी चिडलो होतो. म्हशीचा मालक हात जोडून म्हणाला, "आता थ्या पाखराइले कोन सांगन जी सायेब, का बिल्ला सोडून खा म्हून!"

त्या पक्ष्यांचा मला तेव्हा मनस्वी राग आला होता, हे कबूल केले पाहिजे.

पुढे मी अकोला जिल्ह्यात परत बदलून आलो तो २००४ च्या सुमारास. एका गावाच्या शिवेवर मेलेला बैल चार दिवस पडून होता. कुत्री होती, कावळे होते, दुर्गंधी तर होतीच. गिधाड एकही नव्हते. गंमत अशी की कादंबऱ्या लिहिणाऱ्या, स्वतःला निरीक्षक वगैरे समजणाऱ्या या माणसाच्या ध्यानात ती उणीव आली नाही. मी नाकाला रुमाल लावला आणि पुढे गेलो.

मधल्या वर्षांत काय घडले ते आता जगाला ठाऊक आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत ९९ टक्क्यांहून अधिक घटली. लांब चोचीच्या गिधाडांची घट ९७ टक्क्यांच्या घरात होती. भरतपूरच्या अभयारण्यात विभू प्रकाश यांना ती प्रथम जाणवली. माना टाकून झाडावर बसलेली गिधाडे, काही दिवसांनी खाली पडून मेलेली. रोग म्हणावा तर जंतू सापडेना. २००४ मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरच्या संशोधनातून उत्तर मिळाले. ते होते डायक्लोफेनॅक, तुमच्याआमच्या गुडघेदुखीवरचे साधे औषध. लंगडणाऱ्या बैलाला ते टोचायचे, बैल त्यातूनही मेला तर त्याच्या मांसात ते राहायचे, आणि खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे बंद पडायची. शंभर मेलेल्या जनावरांत एखाद्याच्या अंगात जरी हे औषध असले तरी एवढा संहार पुरा होतो, कारण एका ढोरावर अख्खी पंगत बसते. आणि गिधाडाची जोडी वर्षाला अंडे घालते एकच.

आता ती परत आणण्याची खटपट चालू आहे. हरियाणातल्या पिंजोर येथे तिथले वनखाते आणि मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी मिळून गिधाडांची पैदास करतात. तिथली २० गिधाडे २०२४ च्या जानेवारीत ताडोबा आणि पेंचला आली. २०२५ च्या एप्रिलमध्ये आणखी ३४ महाराष्ट्रात आली आणि त्यांतली लांब चोचीची १५ आपल्या मेळघाटात, सोमठाण्याच्या जंगलात मोठ्या पिंजऱ्यात ठेवली गेली. पिंजऱ्यात जन्मलेल्या पाखराला आधी इथली हवा, इथले आभाळ ओळखीचे व्हावे लागते. मगच दार उघडायचे, तेही पाठीवर उपग्रहाला ठावठिकाणा कळवणारे यंत्र बांधून.

ही बातमी वाचून मला आनंद झाला, हे आधी सांगतो. गिधाडाला आपण उगाच अभद्र ठरवले. ज्या अमरावती जिल्ह्यात गाडगेबाबा जन्मले आणि हातात खराटा घेऊन गावे झाडीत फिरले, तिथे तरी झाडणाऱ्याला अभद्र म्हणू नये. अनंत सुदर्शन आणि एयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला. गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख माणसे जास्तीची मेली, असे त्यांचे अनुमान आहे. सडलेली ढोरे, दूषित पाणी, मोकाट कुत्री आणि त्यांच्याबरोबर येणारा रेबीज. जमाखर्चाच्या वहीत कुठल्याच रकान्यात नसलेला हा खर्च आपण भरला.

पण माझी शंका पिंजऱ्याच्या दाराबाहेरची आहे. ताडोबात सोडलेल्यांपैकी एक गिधाड उडत उडत तमिळनाडूत पोचले. त्याला कोण सांगणार की तुझी हद्द इथवर? मेळघाटातून उडालेले गिधाड अकोट, तेल्हारा, अचलपूर, अंजनगाव यांवरून सकाळच्या न्याहारीच्या वेळेला जाईल. तेव्हा त्याचे जगणे मेळघाटच्या जंगलापेक्षा या तालुक्यांतल्या गोठ्यांवर आणि ढोरांना सुई टोचणाऱ्याच्या पिशवीवर जास्त अवलंबून आहे. डायक्लोफेनॅकवर जनावरांसाठी २००६ मध्येच बंदी आली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये बाटली ३ मिलिलिटरची झाली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांवर बंदी आली, २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइडवर. म्हणजे एक बाटली बंद करायची, दुसरी उघडायची, असा हा वीस वर्षांचा खेळ. मेलॉक्सिकॅम हे गिधाडाला न बाधणारे औषध या सगळ्या काळात उपलब्ध होते.

शेतकऱ्याला मी यात गुन्हेगार मानत नाही. पेरणी तोंडावर आली आणि बैल पाय टेकवत नाही, तेव्हा तो बाटलीवरचे नाव वाचत बसणार नाही. माझी म्हैस असती तर मीही वाचले नसते.

दुसरा प्रश्न पंगतीचाच. मेलेले ढोर ओढण्याचे, सोलण्याचे काम आपण जातीवर लादले होते. बाबासाहेबांनी ते सोडा म्हणून सांगितले आणि लोकांनी ते सोडले, हे अतिशय योग्य झाले. 'पूर्वी कसे छान निसर्गचक्र होते' असे हळहळणाऱ्यांनी त्या चक्राचा दांडा कोणाच्या खांद्यावर होता हे विसरू नये. पण मग आता ढोराचे काय करायचे, हे ठरले नाही. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा ढोरे खोल खड्ड्यात पुरली, साथीत तेच बरोबर होते. एरवी मात्र ते नाल्यात जाते, नाही तर रस्त्याकडेला. ट्रॅक्टर आल्यापासून गोठ्यात बैल कमी होत चालले, ते निराळेच.

म्हणून माझी एक सूचना आहे, निवृत्त बँकवाल्याची, तेव्हा कागदाचीच असणार. गुरांच्या विम्याच्या दावापत्रकात एक रकाना वाढवावा: जनावराला शेवटच्या पंधरवड्यात कोणते औषध दिले, आणि कोणी. डॉक्टरचा दाखला तर आजही लागतो. त्यात हे एक नाव लिहायला शाई कितीशी लागणार? ज्याच्या अंगात विष नाही असे ढोर ग्रामपंचायतीने ठरवलेल्या उघड्या जागी पगारी माणसाने, ट्रॉलीत घालून नेऊन टाकावे, जातीवर न ढकलता. ज्यात संशय आहे ते पुरावे. आणि मेळघाटच्या पायथ्याच्या गावांत वनखात्याच्या माणसाबरोबर ढोरांच्या डॉक्टरनेही ग्रामसभेला जावे.

यावर कोणी म्हणेल, रकान्यात लोक खोटे लिहितील. लिहितील. आम्ही मंजूर केलेल्या दाव्यांतही किती म्हशी दोनदा मेल्या, हे सांगायला बसलो तर पुरवणी अपुरी पडेल. पण दहा जण खोटे लिहितील तेव्हा अकरावा लिहिण्याआधी बाटली उलटी करून नाव वाचील.

दर्यापूरकडच्या त्या गड्याचा दावा मंजूर झाला होता, त्याच बिल्ल्यावर. तो धुऊन टेबलावर ठेवताना तो म्हणाला होता, "वास येते जी सायेब, पन खरा हाये."